उघडण्याआधी मिटायला शिका: वेगळ्या यंत्रणांच्या घडीच्या चाकूंची पहिली ओळख

घडीचा चाकू पहिल्यांदा घेणाऱ्याचं सगळं लक्ष पातं बाहेर कसं येतं याकडे असतं. बटण दाबलं की खट्‌कन येतं, मनगट फिरवलं की गर्रकन येतं, की मुठीच्या तोंडातून सरळ सुटतं? व्हिडिओही त्याचेच निघतात. बोटं मात्र बहुधा चाकू मिटताना कापतात. म्हणून नवख्याला माझं पहिलं सांगणं असं, की चाकू हातात आला की उघडायच्या आधी दोन प्रश्न विचारा. मिटलेलं पातं कशानं मिटलेलं राहतं? आणि उघडलेलं पातं कशानं उघडं राहतं? ही दोन उत्तरं बोट ठेवून दाखवता आली, तर यंत्रणा कितीही विचित्र असली तरी ती तुम्हाला कळली. नाही दाखवता आली, तर तो चाकू अजून तुमच्यासाठी नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख यंत्रणेची गंमत वाटणाऱ्यांसाठी आहे. फळ, दोरी, खोकं, पेन्सिल ही चाकूची कामं. स्वसंरक्षणासाठी चाकू हवा असेल तर हा लेख उपयोगाचा नाही, आणि खरं तर तो चाकूही नाही.

आधी कायदा

हे प्रकरण कंटाळवाणं आहे, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्यांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं परवान्याच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. खिशातले चाकू या मापाच्या पुष्कळ आत बसतात, म्हणून विक्रेता छातीठोकपणे 'लीगल आहे, साहेब' सांगतो. हे अर्धंच खरं.

उरलेलं अर्धं असं. याच कायद्याच्या कलम ४ खाली एखाद्या भागापुरती अधिसूचना काढून आणखी हत्यारांवर बंधन घालता येतं. दिल्लीत १९८० ची अशी अधिसूचना आहे. स्प्रिंगचे, गरारीदार (दात्यांचे), बटनदार किंवा इतर कुठल्या यांत्रिक युक्तीनं उघडमिट होणारे चाकू, ज्यांचं पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद आहे, ते तिच्या कक्षेत येतात. म्हणजे या लेखातले निम्मे चाकू तिथे सरळ त्या यादीत. महाराष्ट्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सणवार, निवडणूक, तणाव अशा काळात शस्त्रबंदीचे आदेश निघतात, आणि शहरांत ते वारंवार निघतात. पेपरातल्या 'कलम ३७(१) सह १३५' या ओळीतलं कलम हेच. त्या काळात खिशात चाकू सापडला तर 'सफरचंद कापायला ठेवलाय' हे चौकीत बसून सांगावं लागेल. पुण्यात कोयत्याच्या बातम्या सुरू झाल्यापासून तर कुणी ऐकून घेईल याची आशा धरू नका. आणि रस्त्यावर उभं राहून चाकू फिरवतानाचं रील टाकणं हा स्वतःविरुद्ध पुरावा तयार करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

परदेशातल्यांनी आणखी जपावं. ब्रिटनमध्ये बटणाचे, गुरुत्वाकर्षणाचे आणि बटरफ्लाय चाकू घरात ठेवणंही गुन्हा आहे. बाहेर विनाकारण जवळ बाळगायचा तर चाकू घडीचा, ३ इंचांच्या आतल्या धारेचा आणि लॉक नसलेला हवा. अमेरिकेत १९५८ चा संघराज्याचा स्विचब्लेड (म्हणजे बटणाच्या चाकूंचा) कायदा आहेच, शिवाय प्रत्येक राज्याचं वेगळं. कॅनडात मनगटाच्या झटक्यानं उघडतो एवढ्यावरूनही चाकू बंदीच्या यादीत जाऊ शकतो. विमानात कुठेही हातातल्या सामानात चाकू न्यायचा नाही. चेक-इनमध्ये न्यायचा तर दोन्ही टोकांचे नियम पाहून.

सारांश व्यवहारापुरता: चाकू घरात, कपाटात. ट्रेकला किंवा शेतावर कामासाठी न्यायचा झाला तर सॅकच्या तळाशी, खिशात नाही.

पहिला चाकू: कडीचा

सुरुवात ओपिनेलनं करावी असं माझं ठाम मत आहे. फ्रान्समधल्या साव्हुआ या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल यानं १८९० मध्ये हा चाकू बनवला. लाकडी मूठ, एक पातं, एक खीळ, बस्स. १८९७ पर्यंत त्याचे क्रमांक १ ते १२ असे आकार ठरले. लॉक मात्र तेव्हा नव्हतं. ते १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यानं आणलं: मुठीच्या तोंडाशी फिरणारी एक कडी, जिला फट आहे. फट पात्याच्या रेषेत असली की पातं हलतं, कडी फिरवली की पात्याची वाट बंद. २००० पासून हीच कडी मिटलेलं पातंही अडकवून ठेवते. वरचे दोन्ही प्रश्न इथे एकाच तुकड्यात सुटतात, आणि ते डोळ्यांना दिसतात. शिकायला यापेक्षा सोपं यंत्र नाही.

नवख्यासाठी क्रमांक ८ बरा, ८.५ सेंटिमीटर पात्याचा. छोट्या क्रमांकांना, म्हणजे ५ पर्यंत, कडी नसते. कार्बन पोलादाचं पातं धार छान घेतं, पण कोकणात पावसाळा काढायचा असेल तर मुकाट्यानं स्टेनलेस घ्या. कार्बनवर लिंबू कापून तसंच ठेवलं तर संध्याकाळपर्यंत काळे डाग येतात.

सराव असा करा. बसून, टेबलावर, दुसऱ्या हातात काही नसताना.

मूठ डाव्या हातात आडवी धरा, मुठीत पातं बसतं ती खाच वर. कडीची फट खाचेच्या रेषेत आहे ना, ते बघा. उजव्या अंगठ्याचं नख पात्यावरच्या खाचेत घालून पातं पूर्ण उघडा. मग कडी बोटांनी फिरवा. सुरुवातीला सैल जाते, मग किंचित घट्ट लागते. तिथेच थांबायचं, पिळायचं नाही. पिळली तर ओल्या हातानं ती परत सुटत नाही. आता पात्याच्या पाठीवर, म्हणजे बोथट बाजूवर, हलका दाब देऊन बघा. पातं हललं नाही की लॉक बसलं.

मिटताना कडी परत फटीवर आणा. आणि आता मुठीवरची बोटं बघा. ती मुठीच्या दोन कुशींना असली पाहिजेत, एकही खाचेवरून आडवं गेलेलं नको. दुसऱ्या हाताच्या तळव्यानं पात्याची पाठ ढकला. बस्स. हा 'बोटं कुठे आहेत' चा एक क्षण हाताला सवयीचा होईपर्यंत पुढचा कुठलाही चाकू घेऊ नका. पुढचे सगळे चाकू तुम्हाला तो क्षण विसरायला लावायच्याच खटपटीत असतात.

पावसाळ्यात बीच लाकडाची मूठ फुगते आणि पातं आत रुतून बसतं. नखानं ओढाल तर नख तुटेल. साव्हुआच्या लोकांची त्यावर जुनी युक्ती आहे: कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर किंवा दगडावर ठोकायचं. झटक्यानं पात्याचं टोक थोडं बाहेर येतं, मग बोटांच्या चिमटीत धरून उघडायचं. ठोकायचं ते मागचं टोक, आणि ठोकताना पात्याच्या बाजूला कुणी नको.

लॉकच नसलेले

काही चाकूंना लॉक नसतंच. पातं घर्षणानं आणि तुमच्या पकडीनं उघडं राहतं. न्हाव्याचा वस्तरा हा त्यातला आपल्या सर्वांच्या ओळखीचा: मागे वळलेली शेपटी, ती बोटानं धरली की पातं फिरत नाही. जपानच्या ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा हिगोनोकामी याच कुळातला. मेइजी काळाच्या (१८६८ ते १९१२) उत्तरार्धापासून बनतो. दुमडलेल्या पत्र्याची, बहुधा पितळी मूठ, आणि पात्याच्या मागे बाहेर आलेली एक छोटी जीभ. तिला चिकिरी म्हणतात. जिभेवर अंगठा दाबला की पातं उघडतं, आणि काम करताना अंगठा तिथेच ठेवला की तुम्ही स्वतःच लॉक. अंगठा उचललात तर लॉक गेलं. एकेकाळी जपानी शाळकरी मुलांच्या दप्तरात पेन्सिली तासायला हा असायचा.

हा स्वस्त आहे आणि एक गोष्ट पक्की शिकवतो: घडीच्या चाकूचं टोक कशात खुपसायचं नसतं. कापायचं ते ओढून. लॉक असलेल्या चाकूलाही हेच लागू, फक्त तिथे लोक विसरतात.

एका हाताचे: भोक, खुंटी, फ्लिपर

अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या स्पायडर्को कंपनीनं १९८१ मध्ये पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशाची क्लिप असलेला चाकू आणला, आणि एका हातानं उघडणं ही सामान्य गोष्ट झाली. भोकात अंगठा टेकवून पातं कमानीत ढकलायचं. खुंटीचा चाकूही तसाच, भोकाऐवजी अंगठ्याला एक बटणासारखी खुंटी. फ्लिपरमध्ये पात्याचा एक कोंब मुठीच्या पाठीमागून डोकावतो. तो तर्जनीनं खाली ओढला की पातं उडून उघडतं.

यात स्प्रिंग नाही. मग पातं उडतं कसं? इथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं ठरतं. मुठीतल्या लॉकच्या पट्टीवर एक बारीक छर्रा बसवलेला असतो आणि पात्यात त्याच्यासाठी एक खळगी. चाकू मिटला की छर्रा खळगीत बसतो. तुम्ही फ्लिपरवर जोर लावता, छर्रा धरून ठेवतो, बोटात ताण साठतो, आणि छर्रा सुटला की तो सगळा ताण एकदम पात्यात जातो. म्हणून फ्लिपर हळूहळू ढकलला तर चाकू अर्धवट उघडतो, टिचकी मारल्यासारखा ओढला तर पूर्ण. नवखे इथे मनगट झटकायला लागतात. गरज नाही. मनगट झटकावं लागत असेल तर एक तर तुमचं बोट चुकीच्या दिशेनं ओढतंय, किंवा चाकूचा छर्रा नीट बसवलेला नाही.

मिटण्याचं इथे जास्त बघावं लागतं. लायनर लॉक हा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार. त्याला आजचं रूप मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिरानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दिलं. मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या मागे उभी राहते. ती बाजूला ढकलायला अंगठा नेमका पात्याच्या वाटेत जातो. म्हणून दोन टप्प्यांत मिटा. अंगठ्यानं पट्टी बाजूला करा आणि दुसऱ्या हातानं पातं थोडंसंच खाली आणा, इतकं की पट्टी मागे येऊन पुन्हा अडकणार नाही. मग थांबा. अंगठा वाटेतून काढा. मग उरलेलं मिटा. फ्रेम लॉकमध्ये पट्टीऐवजी मुठीच्या बाजूचाच एक भाग सरकतो, त्यालाही हेच. बेंचमेड कंपनीच्या ॲक्सिस लॉकमध्ये (१९९८ चं) पात्याच्या मागे एक आडवी दांडी असते आणि ती दोन्ही बाजूंनी मागे ओढता येते, त्यामुळे बोट वाटेत येतच नाही. बटण दाबून पातं सोडवायच्या बटण लॉकचंही तसंच. नवख्यानं एका हाताचा पहिला चाकू या प्रकारातला घ्यावा.

पात्याच्या पाठीला आकडा असलेलाही एक प्रकार आहे. एमर्सन नावाच्या अमेरिकन कारागिराची ही युक्ती. खिशातून ओढताना आकडा खिशाच्या कडेला अडकतो आणि चाकू हातात येतो तोच उघडा. घाईच्या लोकांसाठी केलेली गोष्ट आहे. तुम्ही घाईत नाही आहात, आणि जीन्स काही फुकट येत नाही.

स्प्रिंग: मदतीचा आणि पूर्ण स्वयंचलित

या दोघांत नवखे सतत गल्लत करतात, आणि गल्लत कायद्याच्या अंगानं महाग पडू शकते. फरक पहिल्या प्रश्नातच आहे.

मदतीच्या चाकूत, ज्याला असिस्टेड म्हणतात, स्प्रिंग मिटलेल्या पात्याला मिटलेलंच ठेवते. तुम्ही पातं थोडं ढकललं की एका बिंदूनंतर तीच स्प्रिंग बाजू बदलते आणि पुढे ओढते. केन ओनियन यांची करशॉ कंपनीसाठी केलेली स्पीडसेफ रचना यातली सर्वांत गाजलेली. पूर्ण स्वयंचलित चाकूत स्प्रिंग सतत पात्याला बाहेर ढकलत असते. त्याला रोखून धरलेलं असतं ते फक्त एका खटक्यानं. खटका सुटला की पातं बाहेर. म्हणूनच अमेरिकेनं २००९ मध्ये आपल्या जुन्या कायद्यातून मिटण्याकडे कल असलेले चाकू वगळले. दिल्लीच्या अधिसूचनेतली 'इतर यांत्रिक युक्ती' एवढी बारकाई पाळत नाही, हे विसरू नका.

आपल्याकडे खटक्याचा चाकू म्हणजे रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरची ही जुनी कारागिरी. बटनाचे आणि गरारीचे असे दोन्ही प्रकार तिथले. गरारी म्हणजे दात्यांची रचना. स्पेनच्या जुन्या नव्हाखा चाकूंतही असे दाते असतात: पातं उघडताना पात्याच्या मागचे दाते एकेक करून स्प्रिंगवरून जातात आणि कर्र-कर्र आवाज येतो. हिंदी सिनेमानं तो आवाज खलनायकाच्या नावावर करून टाकला. रामपूरनं मात्र २०२३ मध्ये भर चौकात वीस फुटी चाकूच उभा केला. खरा रामपुरी बघायचा असेल तर तिथे जाऊन बघा. विकत घेण्याआधी वरचा कायद्याचा भाग पुन्हा वाचा.

स्वयंचलित चाकू मिटायला दोन हात. एकानं बटण दाबून धरायचं, दुसऱ्यानं पाठीवरून पातं आत रेटायचं, कारण स्प्रिंग उलटी ढकलत असते. खटका बसल्याचा आवाज आल्याशिवाय सोडायचं नाही. आणि सुरक्षेची सरक असेल तर ती लावल्याशिवाय खाली ठेवायचं नाही.

मुठीच्या तोंडातून येणारे

यांना सगळीकडे ओटीएफ (आउट द फ्रंट) म्हणतात. पातं वळून नाही, सरळ पुढून येतं. मायक्रोटेक कंपनीचा अल्ट्राटेक हे यातलं भरपूर नक्कल झालेलं नाव.

दोन जाती आहेत. एकेरी क्रियेच्या चाकूत बटण दाबलं की जबर स्प्रिंग पातं बाहेर फेकते, पण परत आत घ्यायला ती स्प्रिंग हातानं ओढून चढवावी लागते. दुहेरी क्रियेत एकच सरक पुढे केली की पातं बाहेर, मागे केली की आत.

दुहेरीची आतली गंमत बघण्यासारखी आहे. मिटलेल्या चाकूत स्प्रिंग सैल पडलेली असते. ताण तुमचा अंगठा निर्माण करतो. सरक पुढे ढकलता तेव्हा पातं अजून खटक्यात अडकलेलंच असतं, त्यामुळे स्प्रिंग ताणली जाते. म्हणून सरक इतकी जड लागते. प्रवासाच्या शेवटी सरक खटका सोडवते, पातं सुटतं, आणि शेवटचा टप्पा निव्वळ वेगाच्या जोरावर कापून पुढच्या खटक्यात जाऊन बसतं. आत येताना हेच उलट. म्हणजे मधल्या क्षणी पातं कुणाच्याच ताब्यात नसतं.

यातून दोन परिणाम निघतात. एक, उघडलेलं पातं थोडं डुगडुगतंच. फिरणाऱ्या पात्याला पिव्होट, म्हणजे ते ज्यावर फिरतं ती खीळ, आवळून बसवता येतं, सरकणाऱ्याला मोकळी जागा ठेवावीच लागते. ऑनलाइन तक्रारी वाचून घाबरू नका. दोन, वाटेत काही आडवं आलं तर पातं अर्ध्यावर थांबतं आणि रुळावरून उतरतं. ते मोडलेलं नसतं. धारेपासून दूर, पात्याच्या दोन सपाट बाजू चिमटीत धरून ते हळूच बाहेर ओढा, खट आवाज येऊन ते बसेल. ओढताना सरकेला हात लावू नका.

उघडताना तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून लांब हे सांगायला नको. पण मिटतानाही तोंडाजवळ बोट नको. आत जाणारं पातं तितक्याच वेगानं जातं.

बटरफ्लाय: आधी बिनधारेचा

फिलिपिन्सच्या बातांगास प्रांतातला बालिसोंग. दोन मुठी पात्याच्या मागच्या भागाभोवती अडकित्त्यासारख्या फिरतात, मिटल्या की पातं दोघींच्या पोटात. आजच्या बेंचमेड कंपनीची सुरुवात १९८० च्या आसपास अमेरिकेत बाली-सोंग याच नावानं झाली, म्हणून तिच्या चिन्हात अजूनही फुलपाखरू आहे.

याला वेगळं लॉक नसतं. तुमची मूठ आवळलेली असते तेच लॉक, मुठींच्या टोकाची कडी फक्त सोयीसाठी. म्हणून दोन मुठींतली कुठली कोण हे आधी ओळखायचं. चाकू मिटताना पात्याची धार जिच्या आत जाते ती चावरी मूठ, पाठ जिच्या आत जाते ती सुरक्षित. बहुतेक चाकूंत कडी चावऱ्या मुठीला असते, पण यावर विसंबू नका. हळूच उघडून डोळ्यांनी बघा आणि सुरक्षित मुठीला रंगीत टेपचा तुकडा लावा.

शिकायला ट्रेनर घ्या: तेच वजन, तोच तोल, पण पातं बोथट आणि बहुधा भोकांचं. धारेवर टेप लावून खरा वापरू म्हणणाऱ्यांची टेप कधीतरी सुटते.

पहिली उघड अशी. सुरक्षित मूठ हातात, कडी मोकळी. मनगट वर झटका. चावरी मूठ आणि पातं एकत्र मागे उडतील आणि पात्याची बोथट पाठ बोटांच्या सांध्यांवर टेकेल. टेकलीच पाहिजे. ट्रेनरवर धार आपटल्याचं जाणवलं तर तुम्ही चुकीची मूठ धरली आहे, आणि ट्रेनर घेतल्याचे पैसे वसूल झाले. आता हात फिरवून चावरी मूठ खाली झोकात आणा, ती पहिल्या मुठीला येऊन भिडेल. मिटताना हेच उलट. सतरंजीवर किंवा गादीजवळ उभं राहा, पायात बूट घाला. आणि हातातून सुटलं की पकडायला जायचं नाही. हात मागे घ्यायचा, पडू द्यायचं. हा धडा खऱ्या चाकूवर शिकायचा नसतो.

आणखी काही, बघून ठेवण्यासारखे

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन छत्रीधारी सैनिकांचा चाकू गुरुत्वाकर्षणावर चालायचा. रचना १९३७ ची. खटका दाबून तोंड खाली केलं की पातं आपल्या वजनानं बाहेर घसरतं, खटका सोडला की अडकतं. झाडात दोरखंडांना लटकलेल्या माणसाचा एकच हात मोकळा असेल तर? या एका प्रश्नाला दिलेलं ते उत्तर आहे.

अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या फ्रीमाँटचा ख्रिस्टी चाकू त्याच्या उलट, अगदी शांत. पातळ पातं अंगठ्यानं सरकवायचं, हवं तेवढंच बाहेर. पॉल पोलमन यांनी शोधलेल्या आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गर्बर कंपनीनं बनवलेल्या पॉल चाकूत लॉक पिव्होटच्याच पोटात आहे: खिळीवरचं बटण दाबलं की पातं मोकळं. एड व्हॅन हॉय यांच्या स्नॅप लॉकचं पातं बाजूला, मुठीच्या सपाट अंगाला फिरून बाहेर येतं. आणि जो कॅस्वेल यांचा २०१९ मधला प्रोव्होक: दोन छोट्या भुजांवर पूर्ण पातं उचलून पुढे मांडलं जातं. हे शेवटचे दोन्ही सीआरकेटी कंपनीनं विकले. प्रोव्होकच्या भुजांमध्ये चिमटा बसतो, म्हणून हातात घेतल्यावर आधी अंगठ्याखेरीज बाकी बोटं कुठे आहेत ते बघा.

पार्सल फोडल्यावर

नकली माल इतका आहे की ही तपासणी प्रत्येक वेळी करा. मिटलेला चाकू आडवा धरून, मुठीची खाच जमिनीकडे करून हलकेच हलवा. पातं डोकावलं तर छर्रा किंवा खटका कमजोर. वरून मुठीच्या खाचेत बघा, पातं मधोमध आहे का. एका बाजूला घासत असेल तर पिव्होट वाकडा किंवा सैल. उघडून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. डावी-उजवीकडची किंचित हालचाल स्क्रू आवळून जाते, वर-खालची हालचाल म्हणजे लॉकच नीट बसत नाही. असा चाकू परत पाठवा, दुरुस्त करत बसू नका. लॉकची परीक्षा पाठीवर तळव्यानं दाब देऊन करा. व्हिडिओत दाखवतात तसं पाठ टेबलावर आपटून करू नका, त्यानं चांगलं लॉकही खराब होतं.

तेल आणि कचरा

घडीच्या चाकूचा खरा शत्रू खिशातला कापसाचा चुरा. पिव्होटवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, मग दोन-चार वेळा उघडमिट, मग बाहेर आलेलं तेल पुसून टाका. जास्त तेल म्हणजे जास्त चुरा चिकटणार. फळं कापायच्या चाकूला औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चालतं. खोबरेल नको. कालांतरानं चिकट होतं, आणि थंडीत महाबळेश्वरला नेलंत तर पिव्होटमध्येच गोठेल.

स्क्रू बहुधा टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीसारख्या खाचेचे असतात, टी-६ किंवा टी-८. घड्याळाच्या संचातला भलताच पाना वापरून डोकं गोल करू नका. साधा फ्लिपर उघडून साफ करायला हरकत नाही, फक्त प्रत्येक पायरीचा फोटो काढा आणि छोटे वॉशर, बेअरिंगचे गोळे ताटलीत ठेवा. ओटीएफ आणि स्वयंचलित चाकू मात्र उघडू नका. आतली स्प्रिंग उडून गेली तर खोलीभर शोधाल, आणि बऱ्याच कंपन्यांची वॉरंटीही तिथेच संपते. मुठीच्या तोंडातून आत हवेचा फवारा मारा, ते तोंड खाली करून आतला कचरा झटका, पात्यावर तेलाचा थेंब टाकून चार-पाचदा आत-बाहेर करा. सरक तरीही अडखळत असेल तर बनवणाऱ्याकडेच पाठवा.